शपथ मोडली तर भोगतं कोण? ज्यू दंतकथांविषयी

सांजपक्षी

एक श्रीमंत व्यापारी मरायला टेकला होता. सगळं आयुष्य समुद्रावरून माल नेण्या-आणण्यात गेलेलं, वादळं आणि बुडती गलबतं डोळ्यांनी पाहिलेली. एकुलत्या एका मुलाला त्याने जवळ बसवलं आणि शपथ घ्यायला लावली: तुला पुरून उरेल एवढं ठेवून जातोय, तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, शिकत राहा, पण जन्मात समुद्रावर पाऊल टाकू नकोस. मुलाने शपथ घेतली. बाप गेला.

काही काळाने सोन्यारुप्याने भरलेलं एक जहाज बंदराला लागलं. खलाशी विचारत विचारत घरी आले. हा सगळा माल तुझ्या बापाचा, याहून कितीतरी जास्त पलीकडच्या किनाऱ्यावर पडून आहे, आमच्याबरोबर चल, असं म्हणू लागले. मुलाने शपथेचं सांगितलं. ते म्हणाले, मरणाच्या दारातल्या माणसाचं डोकं ठिकाणावर असतं का? जिवंतपणी ज्याने सारी कमाई समुद्रावर केली, तो शुद्धीत असताना मुलाला असं सांगेल का? मुलाला पटलं. खरं तर पटवून घ्यायला तो तयारच होता.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. वादळ झालं, जहाज फुटलं, बाकीचे बुडाले आणि हा उघडानागडा एका ओसाड किनाऱ्यावर फेकला गेला. खाली सिंह, म्हणून झाडावर चढला. झाडावर एक अवाढव्य पक्षी त्याला खायला टपलेला, म्हणून त्याच पक्ष्याच्या पाठीवर बसून, जीव मुठीत धरून, समुद्र ओलांडून गेला. पक्ष्याने त्याला एका गावाजवळ टाकलं आणि त्याच्या कानावर मुलांचा तोरा म्हणण्याचा आवाज आला. आपली माणसं भेटली म्हणून तो धावत गेला. ते गाव शेदींचं होतं, म्हणजे भुतांचं.

इथून पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून हा धागा.

या कथेतली भुतं धर्म पाळणारी आहेत. त्यांची पाठशाळा आहे, सिनेगॉग आहे, न्यायनिवाडा आहे. माणसाचा वास आल्याबरोबर ती गोळा होतात, पण याला फाडून खात नाहीत. खटला भरतात. आरोप असा की याने बापाला दिलेली शपथ मोडली, तेव्हा हा मरणालाच पात्र आहे. पाठशाळेचा गुरुजी मध्ये पडतो, हा शिकलेला मुलगा आहे म्हणतो आणि प्रकरण भुतांच्या राजाकडे, अश्मदाईकडे जातं. अश्मदाई त्याची तोंडी परीक्षा घेतो, विद्वत्ता पाहून जीवदान देतो आणि आपल्या मुलाला शिकवायला ठेवून घेतो. पुढे राजा मोहिमेवर जाताना सगळ्या किल्ल्या देतो, एक दालन मात्र उघडू नकोस म्हणतो. तो तेच उघडतो. आत राजाची मुलगी. लग्न होतं, लेखी करार होतो, शपथा होतात. मुलगा होतो, त्याचं नाव शलमोन.

एक दिवस त्या बाळाला खेळवताना त्याला आपलं घर, पहिली बायको, तिकडची मुलं आठवतात आणि उसासा निघतो. राजकन्येला तो ऐकू जातो. ती त्याला एका वर्षाची मुभा देते. वर्ष संपलं की परत येईन अशी शपथ घेऊन आणि लिहून घेऊन पाठवते. तो घरी पोचतो आणि परत जायचं नाही असं ठरवतो. निरोप येतात, दूत येतात. शेवटी ती स्वतः येते, मुलाला आणि सैन्याला घेऊन. सैनिक म्हणतात, गाव उद्ध्वस्त करू. ती नको म्हणते. सकाळी प्रार्थनेच्या वेळी सिनेगॉगमध्ये एकटी जाते, सगळ्या समाजासमोर करारपत्र ठेवते आणि न्याय मागते.

तो म्हणतो, शपथ भीतीपोटी घेतली होती. शिवाय ही माणूस नाही. पंच त्याला समजावतात, तो ऐकत नाही. मग ती म्हणते, ठीक आहे, एकदा शेवटचा मुका घेऊ द्या. घेते, आणि त्यातच त्याचा श्वास बंद होतो. शलमोनाला त्याच समाजाच्या हवाली करून ती निघून जाते.

ही मध्ययुगातली हिब्रू कथा आहे, ‘यरुशलेमकराची गोष्ट’ म्हणून ओळखली जाते. मैमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञाचा मुलगा अब्राहम याच्या नावावर ती घातलेली आढळते, पण अभ्यासक ते मानत नाहीत. वेगवेगळ्या प्रतींमध्ये बारीकसारीक तपशील बदलतात.

मला यातली बोचणारी गोष्ट ही: त्या मुलाचा बचाव ज्यू कायद्याने पाहिलं तर अगदीच टाकाऊ नाही. जिवाच्या धाकाने घेतलेल्या शपथेबद्दल, चुकीच्या समजुतीतून केलेल्या नवसाबद्दल तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या वादचर्चांच्या जुन्या संग्रहात, भरपूर चर्चा आहे आणि सवलतीही आहेत. म्हणजे शास्त्री सुटकेच्या वाटा शोधत बसलेत आणि त्याच समाजाच्या दंतकथा त्या सगळ्या वाटा बंद करत सुटल्यात. कायदा इतका दयाळू आणि गोष्टी इतक्या निष्ठुर, हे एकाच परंपरेत कसं? मला वाटतं, गोष्टी शपथ मोडणाऱ्याकडे बघतच नाहीत. त्या बघतात ज्याला शपथ दिली होती त्याच्याकडे. अशा आणखी गोष्टी माहीत असतील तर इथे लिहा. मला त्या एकत्र वाचायच्या आहेत.

---

अक्षरवेडा

सुंदर धागा. भुतांच्या गावात मुलं तोरा म्हणतायत, हे वाचून अंगावर काटा आला. सिनेगॉगमध्ये ती करारपत्र दाखवते, तिथे मी तिच्या बाजूने झालो होतो. तिने सैन्य वापरलं नाही, आधी न्याय मागितला. वाचतोय.

---

शेवंती

मग विझल आणि विहिरीची गोष्ट हवीच. विझल म्हणजे आपल्या मुंगसासारखा दिसणारा, लांबट अंगाचा छोटा शिकारी प्राणी.

तालमूदमध्ये तानीत नावाच्या ग्रंथात एवढंच एक वाक्य येतं: श्रद्धावान माणसं किती थोर असतात ते विझल आणि विहिरीवरून कळतं, विझल आणि विहिरीवर विश्वास ठेवणाऱ्याचं असं, तर देवावर विश्वास ठेवणाऱ्याचं काय सांगावं! गोष्ट सांगितलेलीच नाही, कारण ती ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होती. आपल्याला ती अकराव्या शतकातल्या भाष्यकारांमुळे मिळाली, फ्रान्समधला राशी आणि रोमचा नाथान बेन येहिएल.

एक मुलगी वाट चुकली. तहानेने जीव कासावीस, तेवढ्यात विहीर दिसली. दोराला धरून उतरली, पाणी प्यायली, पण वर चढता येईना. ओरडू लागली. वाटसरू तरुण आला, वाकून विचारतो, तू माणूस की भूत? तिने माणूस असल्याची शपथ घेतली. (बघा, गोष्टीची सुरुवातच शपथेने होते, आणि ती खरी शपथ आहे.) त्याने वर काढलं. आणि मग त्याची नजर फिरली. ती म्हणाली, असं नाही, माझ्या आईबापाकडे ये, रीतसर लग्न कर. दोघांनी एकमेकांना वचन दिलं. साक्षीला कोण? आसपास माणूस नाही. एक विझल पळत गेलं. तेच साक्षी, आणि ही विहीर.

ती घरी गेली, मागणी घालणाऱ्या सगळ्यांना नाही म्हणाली. फारच आग्रह झाला तेव्हा वेड लागल्याचं सोंग घेतलं. स्वतःचे आणि जवळ येणाऱ्याचे कपडे फाडू लागली. लोक दूर राहिले. तो विसरला. दुसरीशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याला विझलाने चावून मारलं. दुसरा झाला, तो विहिरीत पडला. बायकोने विचारलं, आपल्या मुलांना असं जगावेगळं मरण का येतंय? तेव्हा त्याला आठवलं. त्याने सांगितलं. ती म्हणाली, मग देवाने दिलेल्या तुझ्या वाट्याकडे जा. दोघांनी घटस्फोट घेतला. तो तिच्या गावी गेला. वेडी म्हणून तिने त्याच्यावरही झडप घातली. त्याने विझल आणि विहीर एवढं म्हटलं आणि ती शांत झाली.

---

तिसरा_डोळा

शेवंती, गोष्ट छान सांगितलीत, पण मला ती सहन होत नाही. दोन लेकरांनी काय केलं होतं? दुसऱ्या बायकोने काय केलं होतं? शपथ मोडणारा जिवंत राहतो, त्याचं लग्नही होतं, पुढे मुलंही झाली असतील. पहिल्या दोघांचं नावसुद्धा गोष्टीत नाही. सांजपक्षी म्हणतात की गोष्टी ज्याला शपथ दिली त्याच्याकडे बघतात. बघू देत. पण बाजूला उभ्या असलेल्यांना चिरडून का?

---

सांजपक्षी

@तिसरा_डोळा, हा आक्षेप रब्बींनाही, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनाही, सुचला होता, आणि तो त्यांनी दाबला नाही म्हणूनच मला हे वाङ्मय जवळचं वाटतं.

आधी ते काय म्हणतात ते सांगते. शवुओत, म्हणजे शपथांचा ग्रंथ, त्यात आहे की सिनाय पर्वतावर ‘देवाचं नाव व्यर्थ घेऊ नकोस’ हे शब्द उच्चारले गेले तेव्हा सगळं जग थरथरलं. इतर पापांची शिक्षा करणाऱ्याला होते, खोट्या शपथेची त्याच्या कुटुंबाला आणि जगालाही. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात उडता पट येतो, तो खोटी शपथ घेणाऱ्याच्या घरात शिरून मुक्काम करतो आणि लाकडं नि दगड यांच्यासकट घर खाऊन टाकतो. रब्बी यावर म्हणतात, आग आणि पाणी ज्याचा नाश करू शकत नाहीत त्याचा खोटी शपथ करते. शब्बात ग्रंथात तर न फेडलेल्या नवसांपायी मुलं लहानपणीच जातात असं सरळ म्हटलंय.

आणि आता अस्वस्थता. यहोशवाच्या काळात गिबोनकर जुनेपाने जोडे घालून, बुरसलेल्या भाकऱ्या घेऊन आले, फार लांबून आलोय असं खोटं सांगून त्यांनी इस्राएलांकडून अभयाची शपथ मिळवली. तीन दिवसांत फसवणूक उघड झाली. तरीही शपथ पाळली गेली, कारण ती देवाच्या नावाने होती. पिढ्या गेल्या. शौल राजाने गिबोनकरांना मारलं. दावीदाच्या राज्यात तीन वर्षं दुष्काळ पडला, कारण कळलं, आणि गिबोनकरांनी शौलाच्या वंशातले सात पुरुष फाशी द्यायला मागितले. त्यातले दोघे शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे मुलगे. ती खडकावर गोणपाट टाकून बसली, कापणीच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत, दिवसा पाखरं आणि रात्री जनावरं हाकलत. शेवटी दावीदाला ते ऐकून हाडं गोळा करून नीट पुरावी लागली.

येवामोत ग्रंथात रब्बी थेट विचारतात: बापाच्या पापासाठी मुलाला मारू नये असं तोरा सांगते, मग हे कसं? रब्बी योहानान उत्तर देतात, तोरातलं एक अक्षर उपटलं गेलं तरी चालेल, पण देवाच्या नावाची चारचौघांत विटंबना नको. येणारेजाणारे विचारत, हे लटकलेले कोण? राजपुत्र. काय केलं यांनी? आधाराला आलेल्या परक्यांवर हात टाकला. तेव्हा लोक म्हणत, या राष्ट्राला जाऊन मिळावं असं दुसरं राष्ट्र नाही.

मला हे उत्तर पूर्ण पटत नाही. पण त्यांनी प्रश्न विचारला, आणि आपण आपलाच एक नियम मोडतोय हे कबूल करून उत्तर दिलं. शपथ ज्यांना दिली ते परके, फसवणूक करून आलेले, दुबळे लोक होते. त्यांच्याशी केलेला करार मोडण्याची किंमत राजघराण्याने मोजली, हेही विसरता येत नाही.

---

तिसरा_डोळा

रिस्पाबद्दल वाचून गप्प झालो. तरी माझं म्हणणं मागे घेत नाही.

---

कायद्याची_विद्यार्थिनी

सांजपक्षींनी कायदा दयाळू असल्याचं म्हटलंय, त्यात थोडी भर.

शपथ किंवा नवस सोडवून घेण्याची रीत ज्यू धर्मात फार जुनी आहे. जाणत्या रब्बीकडे किंवा तिघांच्या पंचायतीपुढे जायचं. ते विचारतात, तुला अमुक गोष्ट तेव्हा माहीत असती तर तू ही शपथ घेतली असतीस का? ‘नाही’ म्हटलं की दार उघडलं. मिश्नामध्ये, म्हणजे इ.स. २०० च्या सुमाराला संकलित झालेल्या संहितेत, यावर एक हृद्य गोष्ट आहे. एकाने भाचीशी लग्न न करण्याचा नवस केला होता, ती दिसायला बरी नाही म्हणून. रब्बी इश्माएलच्या घरी तिला नेलं, न्हाऊमाखू घातलं, नटवलं. मग त्याला विचारलं, हिच्याविषयीच नवस केला होतास का? तो म्हणाला, नाही. इश्माएलने नवस सोडवला आणि रडला. म्हणाला, इस्राएलच्या लेकी सुंदरच आहेत, गरिबी त्यांना कुरूप करते.

मिश्नाच दुसरीकडे मान्य करतं की नवस सोडवण्याचे नियम हवेत तरंगतात, त्यांना टेकायला तोरात काही नाही. इतका प्रामाणिकपणा मला कुठल्याही धर्मशास्त्रात विरळा वाटतो.

पण या सुटकेला अट आहे आणि ती सिद्कीया राजाच्या दंतकथेत दिसते. बायबलमध्ये एवढंच आहे की बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा नबुखद्नेस्सर याने त्याला देवाची शपथ घालून मांडलिक केलं, त्याने बंड केलं, इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, त्याच्या डोळ्यांसमोर त्याची मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले आणि बेड्या घालून बाबेलला नेलं. यहेज्केल संदेष्टा म्हणतो, त्याने ‘माझी’ शपथ तुच्छ लेखली. शत्रूला दिलेली शपथही देवाने स्वतःची मानली.

नेदारिम ग्रंथातली दंतकथा वेगळीच आहे. सिद्कीयाने नबुखद्नेस्सराला जिवंत ससा खाताना पाहिलं. बाबेलच्या राजाने शपथ घालून त्याचं तोंड बंद केलं. पुढे ते गुपित सिद्कीयाला पोटात ठेववेना. त्याने सन्हेद्रिनकडून, म्हणजे सर्वोच्च न्यायसभेकडून, शपथ सोडवून घेतली आणि सांगून टाकलं. नबुखद्नेस्सराच्या कानावर गेलं. त्याने न्यायसभेला बोलावून विचारलं: शपथ सोडवता येते? येते. ज्याला दिली त्याच्या समोर की मागे? समोर. मग तुम्ही सिद्कीयाला हे का सांगितलं नाहीत? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. रब्बी म्हणतात, ‘सीयोनकन्येचे वडील जन भूमीवर मुकाट्याने बसले आहेत’ हे विलापगीतातलं वाक्य त्या क्षणाचं आहे. त्यांच्या खालच्या गाद्या काढून घेतल्या गेल्या. दुसऱ्या एका मिद्राशात, म्हणजे बायबलवरच्या रब्बींच्या कथाभाष्यात, त्यांचे केस घोड्यांच्या शेपट्यांना बांधून त्यांना यरुशलेमपासून लोदपर्यंत पळवलं असं आहे.

नियम मोडला न्यायसभेने, आणि तो नियम त्यांना मूर्तिपूजक राजाने शिकवला. हे ज्यूंनी स्वतःच्या सर्वोच्च न्यायसभेविषयी सांगितलंय.

---

सांजपक्षी

@कायद्याची_विद्यार्थिनी, मनापासून आभार. मूळ लेखात मला जे नीट मांडता येत नव्हतं ते या गोष्टीत आहे. सुटका शपथ घेणाऱ्याची असते, पण समोर ती दुसरी व्यक्ती हवी.

---

उंबरठा

आपल्याकडे शपथेचा विषय निघाला की भीष्म आणि हरिश्चंद्र येतात. प्रतिज्ञा पाळली म्हणून मोठे झालेले. ज्यू परंपरेत पाळणाऱ्यालाही धारेवर धरलंय, आणि तो फरक मला मोलाचा वाटतो. उदाहरण बायबलमधला सेनापती इफ्ताह.

युद्ध जिंकलो तर घरातून जे पहिल्यांदा सामोरं येईल ते देवाला होम करीन, असा त्याने नवस केला. डफ वाजवत, नाचत एकुलती एक मुलगी आली. शास्ते या पुस्तकात तो आपला नवस पाळतो.

बेरेशित राब्बा या मिद्राशात रब्बींनी यावर संताप काढलाय. मुळात हा नवस लागूच नव्हता. माणूस होमात चालत नाही. आणि लागू धरला तरी सोडवता आला असता, कारण पीनहास याजक हयात होता. पण पीनहास म्हणाला, मी महायाजक, महायाजकाचा मुलगा, त्या अडाण्याकडे मी जाऊ? त्याला गरज आहे, तो येईल. इफ्ताह म्हणाला, मी इस्राएलच्या सरदारांचा सरदार, मी त्याच्याकडे जाऊ? दोघांच्या मध्ये ती पोर गेली. तिथे एक म्हण दिली आहे: सुईण आणि बाळंतीण यांच्या भांडणात बिचारीचं पोर गेलं.

शिक्षा दोघांना. पीनहासावरून देवाचा आत्मा निघून गेला. इफ्ताहाचा एकेक अवयव गळून पडत गेला आणि जिथे पडला तिथे पुरला गेला. मूळ हिब्रूत तो ‘गिलादाच्या गावांमध्ये’ पुरला असं अनेकवचन आहे, त्यावरून.

म्हणजे शपथ मोडली म्हणून विझल येतं, आणि मोडायला हवी असलेली शपथ मोडली नाही म्हणून अवयव गळतात. @तिसरा_डोळा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे सापडतं. बाजूला उभी असलेली पोर कोणाच्या ताठ्यामुळे मेली हे या गोष्टीत नावानिशी सांगितलंय.

---

पारिजात_२

मी एकच छोटी गोष्ट देते, गित्तीन ग्रंथातली. मला ती सगळ्यांत भयंकर वाटते.

दुष्काळाचं साल. एकाने विधवेकडे सोन्याचा एक दिनार ठेवायला दिला. तिने तो पिठाच्या मडक्यात ठेवला. पीठ मळताना तो नकळत कणकेत गेला, रोटी भाजली गेली आणि ती रोटी तिने एका गरिबाला दिली. मालक आला. ती म्हणाली, तुझ्या दिनाराचा मला कणभर फायदा झाला असेल तर माझ्या मुलांपैकी एकाला विष भोवो. थोड्याच दिवसांत एक मुलगा गेला.

तिने चोरी केली नव्हती. दानधर्म केला होता. शास्त्री विचारतात, मग शिक्षा का? उत्तर: रोटीत दिनाराने जेवढी जागा घेतली तेवढं पीठ तिचं वाचलं. तेवढा फायदा झाला होता.

हे ऐकून शास्त्री म्हणाले, खरेपणाने शपथ घेणारीची ही गत, तर खोट्याची काय! आणि परिणाम असा झाला की विधवांना शपथ घालायची न्यायसभांनाच भीती वाटू लागली. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीतून आपला करारातला हक्क वसूल करायचा तर शपथ घ्यावी लागे. शपथ नाही तर पैसे नाहीत. पहिल्या शतकात रब्बान गमलिएल थोरल्याने वाट काढली: शपथेऐवजी वारस सांगतील तो नवस तिने करावा आणि आपला हक्क घ्यावा. गोष्टीतल्या भीतीने बायका उपाशी राहू नयेत म्हणून कायदा वाकवला गेला.

---

रेवदंडा_किनारा

आमच्या रायगडच्या किनाऱ्याचा यात एक धागा आहे. अलिबागच्या इस्रायल आळीत, रेवदंड्यात, पेणला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, लोकांची घरं पिढ्यान् पिढ्या होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. मराठी बोलणारे, गावावरून आडनावं घेणारे.

शपथ पाळल्याची त्यांची गोष्ट सामाजी हसाजी दिवेकर यांची, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेत असताना ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. आख्यायिका अशी की कैद्यांची चौकशी होताना हे बनी इस्राईल आहेत असं कळलं, आणि यांचा उल्लेख कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने त्यांचे प्राण वाचवायला सांगितले. सुखरूप परतलो तर सिनेगॉग बांधीन, असा दिवेकरांनी नवस केला होता. १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला शाआर हाराहमीम, दयेचं दार, उभं राहिलं. मुंबईतलं ते पहिलं सिनेगॉग. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत.

नवस फेडण्याची त्यांची रीतही खास आहे: मालिदा. गोड पोहे, खोबरं, फळं यांचं ताट मांडून एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे असं मानतात. नवस फेडल्याशिवाय चैन न पडणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या मनात विझल होतं की नाही कोण जाणे, पण बोललेलं देणं लागतो ही भावना पक्की होती.

---

अक्षरवेडा

रेवदंडा_किनारा, हे माहीतच नव्हतं. मशीद बंदर स्टेशनाचं नाव या सिनेगॉगवरूनच पडलं असं ऐकलंय. आता मांडवीला जाऊन बघणार.

---

भटक्या_खेडवळ

दोन गोष्टी, एक हलकी आणि एक जड.

राव्वाच्या काठीची. राव्वा हा चौथ्या शतकातला बाबेलचा न्यायाधीश. देणेकऱ्याला त्याने शपथ घ्यायला सांगितलं. त्याने पोकळ काठीत पैसे भरले आणि काठी टेकत न्यायसभेत आला. सावकाराला म्हणाला, जरा ही धर. मग तोरा हातात घेऊन शपथ घेतली की माझ्याकडे होतं ते सगळं मी याच्या हातात दिलंय. सावकाराने चिडून काठी आपटली, ती मोडली आणि नाणी जमिनीवर पसरली. शब्दाने शपथ खरी होती! म्हणून शपथ घालताना न्यायाधीश सांगत: तुझ्या मनातल्या अर्थाने चालणार नाही, आमच्या मनातल्या अर्थाने घे. इथे कोणाचं मूल मरत नाही, कुठला पक्षी येत नाही. ठग सगळ्यांसमोर उघडा पडतो, बस्स.

दुसरी गोष्ट इतिहासातली आहे. युरोपातल्या ख्रिस्ती न्यायालयांत ज्यूंना वेगळी शपथ घ्यावी लागे. एर्फुर्ट शहरातला अशा शपथेचा मसुदा साधारण १२०० सालचा आहे. त्यात ज्यूंच्याच पुस्तकातल्या शिक्षा त्यांच्यावर घातल्या आहेत: खोटं बोललास तर दाथान आणि अबीराम यांना गिळणारी पृथ्वी तुला गिळो, नामानाला सोडून गेहजीला लागलेलं कोड तुला लागो. जर्मन भागात काही ठिकाणी डुकराच्या कातड्यावर उभं करून शपथ घालण्याची रीत होती. फ्रान्समध्ये अशी वेगळी शपथ १८४६ पर्यंत टिकली. ज्या समाजाने शपथेच्या भीतीवर इतक्या गोष्टी रचल्या, त्याचाच शब्द खोटा धरला गेला. हे लिहिताना राग येतो.

---

कायद्याची_विद्यार्थिनी

@भटक्या_खेडवळ, हे लिहिलंत ते बरं झालं. त्या शपथांच्या समर्थनासाठी कोल निद्रे या प्रार्थनेचा आधार घेतला जाई, की बघा, हे लोक वर्षातून एकदा सगळ्या शपथा रद्द करतात, यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा.

---

शेवंती

कोल निद्रे म्हणजे योम किप्पूरच्या, प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, संध्याकाळी म्हणतात तेच ना? बेने इस्रायली ज्याला दारफाळणीचा सण म्हणतात, त्या दिवशीचं? मग त्याने खरंच सगळ्या शपथा सुटतात का? तसं असेल तर विहिरीतल्या मुलीचा तरुण पुढच्या योम किप्पूरला मोकळा झाला असता.

---

सांजपक्षी

@शेवंती, हो, तेच. आणि नाही, तो मोकळा झाला नसता. कोल निद्रेत सुटतात ते फक्त माणसाने स्वतःपुरते देवाशी बोललेले नवस. बाराव्या शतकात राशीच्या नातवाने, रब्बेनू तामने, त्याचे शब्दही बदलले. मागच्या वर्षीच्या नवसांऐवजी पुढच्या वर्षी अविचाराने तोंडून जातील त्या नवसांविषयी ते म्हटलं जावं असं त्याने ठरवलं. न्यायसभेत घेतलेली शपथ, दुसऱ्याशी केलेला करार, कोणाला दिलेलं वचन यांना त्याचा स्पर्श होत नाही. मिश्ना स्पष्ट सांगते की माणसाने माणसाचा अपराध केला असेल तर योम किप्पूर त्याचं क्षालन करत नाही, आधी त्या माणसाची समजूत पटवावी लागते.

त्यामुळे विहिरीवरच्या तरुणाला त्या मुलीच्या दारात जावंच लागलं. आणि यरुशलेमकराचं तर त्याहून सोपं होतं: राजकन्या स्वतः त्याच्या सिनेगॉगमध्ये आली होती, समोर उभी होती, पंच बसलेले होते. त्याने तिच्याकडे सुटका मागायची होती. सगळ्या गोष्टीत तो तिला ते एकदाही विचारत नाही.